जागलीवर बसून ‘आत्ता’त राहता येतं का?

जागल्या_दारव्हा | मंगळवार, रात्री ११:५२

रामराम मंडळी. हे मचाणावर बसून लिहितो आहे. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत (कापसात) तुरीचे तास. तूर फुलावर आहे आणि नाल्याकडून रानडुकरं येतात, म्हणून दिवाळीपासून रोज रात्री जागल.

जागलीत माणसाला काम थोडं आणि वेळ फार. बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, पुन्हा बसायचं. या वर्षी त्या वेळात मोबाईलवर झेनबद्दल, म्हणजे जपानमधल्या बौद्ध ध्यानपंथाबद्दल, वाचत गेलो. भिंतीकडे तोंड करून बसायचं, डोळे अर्धे उघडे, श्वास मोजायचे. एक ते दहा. मधेच मन भटकलं की पुन्हा एकपासून. मला हे मनापासून आवडलं. काही मागायचं नाही, नवस नाही, खर्च नाही. पोत्याची घडी करून पाठ ताठ ठेवून मीही बसलो.

तीनच्या पुढे जात नाही. चार म्हणायच्या आत मार्च येतो. सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं घेणं), मुलीची बारावी आणि त्यापुढची फी, दुसऱ्या वेचणीत निघालेली कवडी (खराब कापूस), कापसाचा भाव. सगळं तीन आणि चारच्या मधे येऊन बसतं.

आता प्रश्न. ‘आत्ताच्या क्षणात राहा’ असं सगळे सांगतात. पण शेतकरी आत्ता राहिला तर मार्चचं कोण पाहील? आमचे बाबा म्हणायचे, शेतकऱ्यानं एक हंगाम पुढं राहावं. मग ही शांती महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठीच आहे का? मी वाद घालायला विचारत नाही. मला खरंच पाहिजे आहे ती.

---

बंड्या_कारंजा | मंगळवार, रात्री ११:५८

भाऊ, तीनपर्यंत जाऊन राहिले ना तुम्ही, लय झालं. मी तर एकवरच झोपून जातो.

---

संत्रा_मोर्शी | बुधवार, सकाळी ६:१५

जागल्याभाऊ, तुमचा प्रश्न वाचून सकाळचा चहा थंड झाला. माझी वीस वर्षांची संत्र्याची बाग आहे. झेन मला माहीत नाही, पण ‘ताण’ माहीत आहे.

आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं. जमिनीप्रमाणे महिना, दीड महिना. पानं मलूल होतात, पिवळी पडतात. रोज सकाळी बागेत जायचं आणि काहीच करायचं नाही. मोटर आहे, विहिरीत पाणी आहे, बटण हाताशी आहे, आणि दाबायचं नाही. येणारा-जाणारा म्हणतो, झाडं मारता का? पहिल्या वर्षी मी विसाव्या दिवशी पाणी सोडलं. फुलं आलीच नाहीत, नुसती पालवी फुटली.

तेव्हापासून मी त्या दीड महिन्यात झाड बघायला शिकलो. उद्या फूल येईल का म्हणून बघत नाही. आज पान किती वळलं, एवढंच बघतो. बाकी हंगामात मी भरपूर चिडतो, बायको सांगेल. पण ताणाच्या दिवसांत माझ्याइतका शांत माणूस गावात नसतो. याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा.

---

रोखठोक_वऱ्हाडी | बुधवार, सकाळी ९:४०

मी सरळ बोलतो, राग मानू नका.

गेल्या वर्षी गाडीभर कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. दीड दिवस रांगेत. नंबर आला तेव्हा म्हणाले, ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे, परत न्या. रात्री दव पडलं गाडीवर, ओलावा वाढणारच. वापस आणला, खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात दिला. त्या रांगेत मी श्वास मोजले असते तर भाव वाढला असता का?

आपल्या लोकांना कोणी ना कोणी नेहमी शांत बसायला सांगत आलं आहे. कधी नशीब म्हणून, कधी मागच्या जन्मीचं म्हणून, आता ‘वर्तमान क्षण’ म्हणून. मला शांती नको, भाव पाहिजे. भाव मिळाला की शांती आपोआप येते.

---

वैनगंगा_कुंदा | बुधवार, दुपारी २:१०

रोखठोक भाऊ, तुमचा राग खरा आहे. पण भाव मिळालेले लोकही रात्री झोपत नाहीत, असे दोन तर आमच्याच गल्लीत आहेत.

मी लाखांदूरकडची. आमच्याकडे धान. रोवण्याच्या दिवसांत सकाळी आठपासून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेलं असायचं, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. पेंढी सोडायची, दोन-तीन काड्या घ्यायच्या, बोटानं चिखलात दाबायच्या, मागं सरकायचं. बाया गाणी म्हणतात. एक म्हणते, बाकीच्या उचलतात. त्या गाण्यात कधी एक धुरा (बांध) संपतो ते कळत नाही. तेव्हा डोक्यात घर नसतं, नवरा नसतो, कर्ज नसतं. संध्याकाळी पाठ मोडते ते वेगळं.

पण मला एक विचारायचं आहे. हे झेनवाले साधू भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांची भाकर कोण टाकते? जागल्याभाऊ मचाणावर बसतात तेव्हा घरी कोणीतरी डबा भरला असतो. तिच्या ‘आत्ता’ला कोणी झेन म्हणते का?

---

बंड्या_कारंजा | बुधवार, दुपारी २:१४

कुंदाताई 🙏 याचं उत्तर आले बिगर मी आज जेवत नाही.

---

दीक्षाभूमीचा_वाटसरू | बुधवार, संध्याकाळी ७:३०

विहारातून वंदना आटोपून आलो, आता सविस्तर लिहितो.

आधी शब्द. ‘झेन’ परका नाही. आपला ‘ध्यान’. पालीत झाला ‘झान’, चीनमध्ये गेला तेव्हा ‘छान’, जपानमध्ये ‘झेन’. परंपरा सांगते की बोधिधर्म नावाचा भिक्खू दक्षिण भारतातून चीनला गेला आणि नऊ वर्षं भिंतीसमोर बसला. तिथला सम्राट वू त्याला म्हणाला, मी इतके विहार बांधले, इतक्या भिक्खूंना दान दिलं, मला किती पुण्य लागलं? बोधिधर्म म्हणाला, काहीच नाही. आपल्या गावात सप्त्याला, मंदिराच्या कळसाला, विहाराच्या कमानीला पावती फाडणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

दुसरं, विदर्भाचा धागा. झेनवाले आपल्या गुरूंची जी परंपरा मोजतात त्यात चौदावा नागार्जुन. रामटेकजवळ मनसरच्या परिसराशी नागार्जुनाचं नाव लोक जोडतात, आणि जपानहून येऊन नागपूरकर झालेले भदन्त सुरेई ससाई यांनी त्या जागेसाठी आयुष्यातली बरीच वर्षं दिली. म्हणजे जपानचा माणूस जे शोधत विदर्भात आला ते आपण मोबाईलवर जपानात शोधतो.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं. रोखठोक भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म दिला तो माणसानं कोपऱ्यात बसून बरं वाटून घ्यावं म्हणून नव्हे. माणसानं माणसाला दिलेलं दुःख आहे ते मोडायचं आहे. माझ्या आजोबांनी त्या दिवशी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी गावात येऊन जुनी कामं नाकारली. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची शांती मी पाहिली आहे. ती श्वास मोजून आलेली नव्हती, मान वर करून आलेली होती.

तरीही मी ध्यान करतो. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात दोनदा बसलो. रागावलेल्या माणसाला आंदोलन चालवता येतं, पण फार दिवस नाही. हे मी स्वतःवरून सांगतो.

---

रोखठोक_वऱ्हाडी | बुधवार, रात्री ८:०५

वाटसरू भाऊ, आजोबांची ओळ मनाला लागली. जय भीम. शेवटच्या ओळीवर विचार करतो.

---

खंजिरी_मोझरी | बुधवार, रात्री ९:२०

इतकं लांब जपानला कशाला जायचं? गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. हातात मडकं, त्यातच खाणं. कोणाला पाया पडू देत नव्हते. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंजात ध्यान शिकवलं, पण ते सामुदायिक, सगळं गाव एकत्र बसलेलं, खंजिरीच्या तालावर. ही आपली झेनच आहे.

---

दीक्षाभूमीचा_वाटसरू | बुधवार, रात्री ९:४५

खंजिरी दादा, गाडगेबाबांबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण सगळं एकाच टोपलीत घालू नका. बाबा गाव झाडत कारण गाव घाण होतं आणि लोक ती घाण झाडणाऱ्याला हीन मानत. त्यांचा खराटा गावासाठी होता. स्वतःच्या मनःशांतीचं साधन म्हणून त्यांनी तो धरला नव्हता. त्याला झेन म्हटलं की त्यातली धार जाते.

---

खंजिरी_मोझरी | बुधवार, रात्री १०:०२

धार जाऊ नये हे मान्य. पण माझ्या आज्यानं बाबांना झाडताना पाहिलं होतं. तो सांगायचा, बाबा झाडत असले की हाक मारायची हिंमत होत नव्हती, इतके ते त्या कामात. गावासाठी झाडणारा माणूस झाडण्यात पूर्ण बुडालेला असू शकत नाही का? मला तरी दोन्ही एकत्र दिसतात. इथं आपलं मत वेगळं राहू द्या.

---

वर्धेकर_गुरुजी | गुरुवार, सकाळी १०:३०

कुंदाताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून काल रात्री वह्या काढल्या. छत्तीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर हेच वाचन. ताई, तुमचा प्रश्न झेनच्या अगदी मर्मावरचा आहे, आणि तो आठशे वर्षांपूर्वी एका तरुणानंही चुकवला होता.

डोगेन (१२००–१२५३) हा जपानमधल्या सोतो या झेन पंथाचा आद्य गुरू. १२२३ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, तो धर्म शिकायला चीनला गेला. एका मठात दुपारच्या उन्हात एक म्हातारा अळिंबी वाळत घालत होता. तो मठाचा आचारी. वय अडुसष्ट, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, हातात बांबूची काठी, डोक्यावर टोपी नाही, खालची फरशी तापलेली. डोगेननं विचारलं, हे काम एखाद्या गड्याकडून का करून घेत नाही? म्हातारा म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. बरं, पण इतक्या उन्हात कशाला? म्हातारा म्हणाला, मग केव्हा करू?

डोगेन गप्प झाला. पोथ्या शिकायला आलेला माणूस आचाऱ्याकडून शिकून गेला. पुढे १२३७ मध्ये त्यानं मठाच्या आचाऱ्यासाठी खास सूचना लिहिल्या. त्यात तो सांगतो की तांदूळ निवडताना खड्यावर डोळा ठेवा, खडे काढताना तांदळावर डोळा ठेवा. भांडी, पळ्या, झाकणं, प्रत्येकाची जागा सांगितली आहे. हे काम सर्वांत खालचं म्हणून नवख्याकडे देऊ नका, मुरलेल्या साधकाकडे द्या, असंही तो बजावतो.

आणखी एक. चीनमध्ये पाय-चांग नावाचे गुरू होते. त्यांचा नियम, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. म्हातारपणी शिष्यांनी दया येऊन त्यांची अवजारं लपवली, तर ते जेवायलाच बसले नाहीत. अवजारं परत द्यावी लागली.

तेव्हा ताई, भाकर टाकणारी बाजूला आणि ध्यान दुसऱ्या बाजूला, असं निदान या लोकांनी तरी मानलं नाही. आपण मात्र मानतो.

जाता जाता थोडं विषयांतर. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी मंत्रानं होते. पुष्कळ लोक तो झेनचा समजतात. तो निचिरेन या दुसऱ्या जपानी बौद्ध परंपरेचा आहे, जपानी भिक्खू फुजी गुरुजींच्या सहवासातून तिथं आला. वर्ध्याचा विश्वशांती स्तूपही त्यांच्याच संघाचा. झेनमध्ये मौन, यांच्यात डफ वाजवत मंत्र.

---

वैनगंगा_कुंदा | गुरुवार, दुपारी १:४५

गुरुजी, ‘मग केव्हा करू’ हे वाचून मी थांबली. माझी सासू असंच बोलायची. भर उन्हात सांडया-कुरड्या घालायची, आम्ही म्हणायचो आई सावलीत या, तर म्हणे, कुरडी काय सावलीत वाळते?

---

वर्धेकर_गुरुजी | गुरुवार, दुपारी २:२०

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. आणि तुमच्या रोवण्याच्या गाण्यांवरून एक राहिलं. बाशो हा जपानी कवी झेनच्या संस्कारातला. १६८९ मध्ये तो पायी उत्तरेकडे निघाला. तिथं बाया धान रोवताना गात होत्या. ते ऐकून त्यानं तीन ओळींची कविता केली, तिचा आशय असा की कवितेची सुरुवात इथंच, या रोवणीच्या गाण्यात आहे. लाखांदूरला आला असता तरी त्यानं हेच लिहिलं असतं असं मला वाटतं.

---

सोलरवाला_पुसद | गुरुवार, दुपारी ४:००

जागल्या भाऊ, झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारी) लावा ना. डुकरं येत नाहीत, रात्रभर झोपा.

---

संत्रा_मोर्शी | गुरुवार, दुपारी ४:१२

झटका मशीन चांगली, पण बॅटरीवरची, थांबून थांबून झटका देणारीच. आमच्याकडे एकानं तारेत थेट लाईन सोडली होती. डुक्कर वाचलं, शेजारचं पोर गेलं. कोणीही, कधीही, एका रात्रीसाठीसुद्धा तसं करू नका.

---

बंड्या_कारंजा | गुरुवार, दुपारी ४:१५

खरं आहे बाप्पा. आमच्या इकडेही तसंच झालं होतं.

---

डॉक्टर_ग्रामीण | गुरुवार, रात्री ९:५०

धागा पहिल्यापासून वाचला. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात दवाखाना चालवते, म्हणून एक गोष्ट मधेच सांगते.

चिंता असणं वेगळं आणि आजार वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, ‘मी नसलो तर बरं’ असं मनात येतं, तर तिथं श्वास मोजून भागत नाही. उलट एकट्यानं शांत बसल्यावर काहींना ते विचार जास्त घेरतात. अशा वेळी डॉक्टरकडे जायचं, जसं काविळीला जातो तसं. टेली-मानस हा सरकारी फोन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. आणि घरात कोणी फार खचलेलं दिसलं तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्या कोणाकडे. त्या एका वाईट तासात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. हे मी पाहिलं आहे.

जागल्या दादा, तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही. पण इथं दोनशे लोक नुसते वाचून जातात. त्यांच्यातल्या एकासाठी लिहिलं.

---

जागल्या_दारव्हा | गुरुवार, रात्री ११:३०

डॉक्टर ताई, नाही, तसं नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाच्या घरी ते घडलं. त्यामुळं तुमचं लिहिणं किती खरं आहे ते मला माहीत आहे. नंबर सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवतो.

गुरुजींचा आचारी डोक्यातून जात नाही. मी दिवसभर शेतात एकच विचार केला. तो आचारी अळिंबी वाळवत होता म्हणजे पुढच्या दिवसांसाठीच ना? आज खायची असती तर वाळवली कशाला असती? म्हणजे उद्याचं काम तो आत्ता करत होता. गुरुजी, मी बरोबर समजलो का?

---

वर्धेकर_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ७:००

जागल्या, तू मला शिकवलंस. मी ती गोष्ट वीस वेळा वाचली आहे, आणि वाळवण उद्यासाठी असतं हे एकदाही मनात आलं नाही.

आणि डोगेनच्या सूचनांत तसं स्पष्टच आहे. दुपारचं जेवण आटोपलं की उद्याच्या सकाळचा तांदूळ-भाजी आजच आणून ठेवायची, इतर कारभाऱ्यांशी बसून उद्या काय शिजवायचं ते ठरवायचं. उद्याची सोय लावणं हे आचाऱ्याचं आजचं काम. ‘आत्ता’त राहणं म्हणजे उद्या विसरणं, असं झेन सांगत नाही. तुझ्या बाबांचं म्हणणं आणि या आचाऱ्याचं वागणं यांत मला भांडण दिसत नाही.

फरक इतकाच की आचाऱ्याच्या हातात तांदूळ होता. रात्री बारा वाजता मचाणावर तुझ्या हातात मार्चचं काय असतं? वही नाही, पासबुक नाही, विचारायला माणूस नाही. मार्चला दिवसा एक तास दे. वही घे, पेन घे, घरच्यांना बसव. त्या तासात श्वास मोजू नकोस, रुपये मोज, आणि मन लावून मोज. तेही ध्यानच.

---

रोखठोक_वऱ्हाडी | शुक्रवार, सकाळी ९:१५

हे मला पटलं. आणि वाटसरू भाऊंसाठी, मी रात्री विचार केला. केंद्रावर मी इतका तापलो होतो की ओलावा मोजला तेव्हा यंत्राचा आकडा पाहायचा राहून गेला, पावती मागायची राहून गेली. नुसता ओरडलो. शांत डोक्यानं उभा असतो तर भांडण चांगलं झालं असतं. भाव पाहिजे हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

---

चितारी_वाशीम | शनिवार, रात्री १०:४०

उशिरा आलो, पण कोणी बैलाचं बोललंच नाही म्हणून लिहितो.

मी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो, झुलीवर चित्रं काढतो. माझ्या बापापासूनचं काम. झेनमध्ये दहा बैलचित्रं आहेत, बाराव्या शतकातल्या कुओआन नावाच्या चिनी गुरूची. एक गुराखी पोरगा बैल शोधायला निघतो. दुसऱ्या चित्रात खुरांचे ठसे दिसतात. तिसऱ्यात बैल दिसतो. मग धरतो, मग वळण लावतो, सहाव्यात त्याच्या पाठीवर बसून बासरी वाजवत घरी येतो. सातव्यात बैल नाही, पोरगा एकटा. आठव्यात पोरगाही नाही, नुसतं रिकामं वर्तुळ. नवव्यात झाडं, पाणी, जसं आहे तसं. आणि दहाव्यात तो माणूस उघड्या छातीनं, अनवाणी, बाजारात येतो, लोकांत मिसळतो.

पुस्तकातले लोक आठव्या चित्रावर फार बोलतात. मला दहावं आवडतं. डोंगरावर बसून राहिला नाही, बाजारात आला.

पण खरं सांगायचं ते वेगळं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकायचं आणि कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जू वाहून खांद्यावर घट्टा पडलेला असतो. तो घट्टा बोटांना लागला की माझं सगळं बोलणं बंद होतं. आता गावात ट्रॅक्टर वाढले, पूर्वी चाळीस जोड्या यायच्या, या वर्षी अकरा आल्या. माझ्या घरची जोडी बापानं विकली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. पहिल्या चित्रातला पोरगा बैल शोधतो ना, तो मला माझ्यासारखा वाटतो.

---

बंड्या_कारंजा | शनिवार, रात्री १०:५५

चितारी भाऊ, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही. आमच्याकडे म्हातारा ढवळ्या आहे, आता कामाचा नाही, पण बाबांनी विकला नाही. उद्या त्याचा खांदा शेकतो. पोळा नाही तर नाही.

---

वैनगंगा_कुंदा | रविवार, सकाळी ८:३०

बंड्या, आवतन पण दे त्याला.

---

दीक्षाभूमीचा_वाटसरू | रविवार, सकाळी १०:००

दहावं चित्र. मला हेच म्हणायचं होतं आणि मी चार परिच्छेद लिहिले.

---

जागल्या_दारव्हा | पुढचा शुक्रवार, रात्री १२:१०

आठ दिवसांनी येतो आहे.

रविवारी दुपारी वही घेऊन बसलो. मी, घरची आणि मुलगी. मी आजवर हिशेब एकट्यानं डोक्यात करायचो. घरचीनं बचत गटाचं पासबुक काढलं, त्यात किती आहे ते मला ठाऊकच नव्हतं. मुलीनं सांगितलं की तिला नागपूरलाच जायचं असं काही नाही, यवतमाळलाही तो कोर्स आहे. हे ती मला सहा महिन्यांपासून सांगणार होती, मी ऐकायच्या मनःस्थितीत दिसत नव्हतो म्हणून राहिलं. कर्जाचा आकडा काही कमी झाला नाही. दीड तास लागला. उठलो तेव्हा घरची म्हणाली, चहा तुम्ही ठेवा. ठेवला. कुंदाताई, तुमचं म्हणणं तिला वाचून दाखवलं होतं.

मार्च अजूनही येतो. पण आता मी त्याला म्हणतो, रविवारी ये, वही घेऊन बसू. काही वेळा ऐकतो.

काल सातपर्यंत गेलो. आठव्याला तुरीत खसखस झाली. डबा वाजवला, बॅटरी मारली, ससा होता. तुरीची फुलं बॅटरीच्या उजेडात पिवळीजर्द दिसली, महिनाभर त्यांची राखण करतो आहे आणि नीट पाहिली काल. मग पुन्हा एकपासून.

---

संत्रा_मोर्शी | शनिवार, सकाळी ६:०५

सात! भाऊ, मी तुमचं वाचून बसलो होतो, चारला अडकलो. आज पाणी तोडलं बागेचं.

---

रोखठोक_वऱ्हाडी | शनिवार, सकाळी ६:४०

जागल्या भाऊ, तिसरी वेचणी कधी? आणि दव उतरू द्या, उन्हं चांगली वर आल्यावर वेचा, सावलीत पसरून मग भरा. ओलाव्याचा आकडा स्वतः पाहा आणि पावती घ्या. वेचायला माणसं आहेत का? आमच्याकडची वेचणी सरली, बाया रिकाम्या आहेत.

---

जागल्या_दारव्हा | शनिवार, सकाळी ६:५२

सोमवारी आहे. तीन बाया कमी पडतात. नऊपर्यंत पोचल्या तरी चालेल, जेवण आमच्याकडे. घरची विचारते, तिखट चालते ना त्यांना?